स्टुलापर्यंतची चाल

माझे मामा शिंपी. गळ्यात टेप टाकून काचेच्या दुकानात उभे राहणारे, सूट शिवणारे शिंपी नव्हेत. पॅन्ट आखूड करणं, कंबर सैल करणं, चेन बदलणं, बाहीचं फाटलेलं लपवणं, असल्या किरकोळ कामांचे शिंपी. लोक हौसेने नवे कपडे घेतात, घरी आल्यावर ते अंगाला बसत नाहीत आणि मग मामांची आठवण येते. मामा म्हणायचे, कपडा बिघडवणारे बाकी सगळे, निस्तरणारा मी एकटा.

त्यांच्या दुकानाला लागून माझं मोबाइल दुरुस्तीचं दुकान. मधली भिंत एवढी पातळ, की मामांचं मशीन सुरू झालं की माझ्या टेबलावरचे बारीक स्क्रू नाचायला लागत. मशीन थांबलं की समजायचं, मामा एक तर दोरा ओवताहेत, नाही तर समोरच्या गिऱ्हाइकाला टीव्हीवरचं तत्त्वज्ञान पाजताहेत.

मामांच्या मते शाळेत शिकलेलं सगळं वाया गेलं होतं आणि जे काही उपयोगाचं शिकले ते रिॲलिटी शोमधून. गाण्याच्या स्पर्धेतून ते शिकले की सूर चुकला तरी चेहरा हसरा ठेवायचा, परीक्षकाचं अर्धं लक्ष तोंडाकडेच असतं. त्यामुळे कपडा वेळेवर तयार नसला की मामा असे काही हसत, की गिऱ्हाइकालाच आपण लवकर आल्याची लाज वाटे. स्वयंपाकाच्या स्पर्धेतून ते शिकले की वेळ संपली म्हणजे संपली. दुकान बंद करायची वेळ झाली की ते खरोखर दोन्ही हात वर करून उभे राहत. मामी डबा न्यायला आल्या की म्हणत, "पोलीस आलेत का? खाली करा हात."

पण त्यांचा सगळ्यात लाडका धडा एका घरात कोंडून घातलेल्या माणसांच्या कार्यक्रमातला होता. तिथे दर आठवड्याला एकाला घराबाहेर काढतात. मामांनी बारकाईने पाहिलं होतं, की जो जास्त बोलतो त्याचंच नाव पुढे येतं. जो कोपऱ्यात गप्प बसून भाजी चिरतो, तो शेवटच्या आठवड्यापर्यंत पोचतो. "टिकायचं असेल तर तोंड बंद," मामा सांगायचे. इतकं बोलणाऱ्या माणसाने हे सांगावं याची गंमत फक्त मला वाटायची. त्यातला दडलेला अर्थही फक्त मलाच माहीत होता.

मामांना दिसत नव्हतं.

म्हणजे अगदीच अंधार नव्हता. कडेकडेचं दिसायचं, पण रंग कळत नसत. समोर बघितलं की मधोमध धुरासारखं काहीतरी बसलेलं. समोरच्या माणसाचे कान दिसायचे, चेहरा नाही. म्हणून ते लोकांकडे तिरके बघायला लागले होते. मामी म्हणायच्या, हे हल्ली शिष्ट झालेत. गिऱ्हाइकांना वाटायचं, मास्तर कान देऊन ऐकताहेत. मला कळलं ते मोबाइलमुळे. मामा येऊन अक्षर मोठं करून मागायचे. करता करता ते इतकं मोठं झालं की पडद्यावर एकच शब्द मावायचा. मी म्हटलं, मामा, आता पुढचा शब्द वाचायला शेजाऱ्याचा मोबाइल लागेल. एरवी असल्या बोलण्यावर ते मला एक टोला देत. त्या दिवशी ते स्टुलावर बसले आणि डॉक्टरांनी काय सांगितलं ते सांगितलं. चष्म्याने भागणार नव्हतं, ऑपरेशनही नव्हतं. आहे ते जितके दिवस राहील तितके दिवस.

"ताईला कळता कामा नये," ते म्हणाले.

ताई म्हणजे मामांची एकुलती एक मुलगी. गावातच दिलेली, ऑफिसात मोठ्या हुद्द्यावर. जीव लावणारी, पण तिचं जीव लावणं अंगावर येतं. आई-बाबांनी आता दगदग थांबवून आपल्या घरी येऊन राहावं, हे तिचं कित्येक दिवसांचं टुमणं. त्यासाठी ती एका सबळ कारणाच्या शोधात होती, आणि ते कारण मामांच्या दोन्ही डोळ्यांत बसलेलं होतं. मामांना दुकान सोडायचं नव्हतं. दुसऱ्याच्या घरी, मग ते मुलीचं का असेना, सकाळी उठून करायचं काय, हा प्रश्न त्यांना डोळ्यांपेक्षा मोठा वाटत होता.

आणि खरं सांगायचं तर दुकानात त्यांना डोळ्यांची फारशी गरजच पडत नव्हती. एवढीशी ती खोली त्यांनी अंगात घातल्यासारखी घातली होती. डाव्या कानाजवळच्या खिळ्यावर काळं रीळ, त्याच्याखाली तपकिरी, मग राखाडी, मग निळं. उजव्या गुडघ्याशी कात्री. खडू मशीनच्या पाटावर, एका खाचेत. बटणं बिस्किटांच्या जुन्या डब्यांत, आणि कुठल्या डब्यात काय हे झाकणाच्या पोच्यांवरून कळायचं. टेपवर त्यांनी ठरावीक अंतरावर टाके घातले होते, ते बोटाला लागत. राहता राहिली सुई. तर रोज सकाळी माझ्या दुकानातल्या मोठ्या भिंगाखाली मी सुया ओवून ठेवायचो, रंगवार, आणि मामा येऊन त्या घेऊन जायचे. भाच्याचं शिक्षण कुठे तरी कामी आलं, एवढं ते जाता जाता बोलायचेच.

असं सगळं बेतात चाललेलं असताना ताईने एक व्हिडिओ काढला.

'नवं रूप' नावाचा एक कार्यक्रम होता. मामा-मामी तो न चुकता बघत. बघत म्हणजे मामी बघत आणि मामा ऐकत. एखाद्या कष्टाळू माणसाला काही दिवस बाहेर पाठवायचं, त्याचं घर किंवा दुकान आतून पार बदलून टाकायचं, मग डोळ्यांवर पट्टी बांधून त्याला आत आणायचं. पट्टी सोडली की तो रडतो. न रडलेला माणूस मामींनी अजून पाहिला नव्हता. मी एकदा विचारलं, एखाद्याला नाही आवडलं तर? मामा म्हणाले, "तरी रडायचं. एवढी माणसं आपल्यासाठी राबली, आणि आपण म्हणणार जुनंच बरं होतं? कुठल्या तोंडाने?"

ताईने दुकानाचा व्हिडिओ त्या लोकांना पाठवला. गंजलेले डबे, भिंतभर खिळे, मिणमिणता दिवा आणि त्यात वाकून बसलेले मामा. खाली तिचा भरल्या गळ्याचा आवाज. माझ्या पोटात काही राहत नाही असा तिचा पक्का समज असल्याने मला पत्ता लागू दिला नाही. ज्याच्या पोटात तिच्याच बापाचं एवढं मोठं गुपित होतं त्याच्याबद्दल तिचं हे मत होतं.

एका सकाळी गाड्या आल्या. दिवे, वायरी, छत्र्यांसारखं काय काय घेऊन माणसं उतरली. त्यांच्यापुढे ताई, ठेवणीतल्या कपड्यांत, डोळे आधीच ओले. सूत्रधाराने मामांना मिठी मारली आणि मामा-मामींना गावातल्या मोठ्या हॉटेलात काही दिवस राहायला पाठवत असल्याचं जाहीर केलं. मामी हरखून गेल्या. मामा गाडीत बसता बसता माझ्याकडे वळले, म्हणजे माझ्या कानाकडे, आणि म्हणाले, "लक्ष ठेव रे."

लक्ष ठेवणं एवढंच माझ्या हातात होतं. मी लक्ष ठेवलं आणि डोळ्यांदेखत खिळे उपटले गेले. सजावटीचं काम बघणारी एक मुलगी होती, कानावर पेन्सिल खोचलेली, स्वभावाने गोड. तिला मी म्हटलं, हे रिळांचं तेवढं आहे तसंच राहू द्या. तिने विचारलं, का? मी म्हटलं, त्यांना सवय आहे. ती हसली, म्हणाली, सवयी बदलायलाच तर आम्ही येतो. मग मी ताईला गाठलं. मामांना जुनंच बरं पडेल, म्हटलं. ताई म्हणाली, "तू त्या भंगाराला कवटाळून बसू नकोस. तुझ्या दुकानाचाही व्हिडिओ पाठवीन." मी वचनात अडकलेला. परत आलो आणि कुणाच्या तरी मोबाइलची काच बदलत बसलो. ती मला दोनदा बदलावी लागली.

दुसऱ्या दिवशी पेन्सिलवाली मुलगी मुद्दाम येऊन सांगून गेली, की माझं ऐकलं आहे, रिळं ठेवली आहेत. मला हायसं वाटलं.

मामा परतले त्या दिवशी अख्खा रस्ता जमला होता. डोळ्यांवर काळी पट्टी बांधून सूत्रधार त्यांना कोपराला धरून आणायला लागला. पण इथे उलटंच झालं. असल्या वेळी माणसं चाचपडतात, पाय पुढे टाकून अंदाज घेतात. मामा ताठ चालत निघाले. सूत्रधारालाच ओढल्यासारखे. दुकानाची पायरी त्यांनी न थांबता चढली. आत गेल्यावर डावीकडे इस्त्रीचं टेबल असायचं, ते आता नव्हतं. मामा त्या नसलेल्या टेबलाला वळसा घालून गेले. "मास्तर, पट्टीतून दिसतंय की काय," सूत्रधार म्हणाला, आणि सगळे हसले. मामाही हसले. मग ते वळले आणि वर्षानुवर्षं जिथे बसत आले होते तिथे, स्टुलावर, बसले.

स्टूल तिथे नव्हतं.

लागलं फारसं नाही. ताई धावली, पाणी आणलं, आणि सगळं पुन्हा करायचं ठरलं. दिग्दर्शकाने मामांना समजावलं, की यावेळी जरा हळू, हात पुढे करून, अंदाज घेत या. मामांनी तेही केलं. आंधळ्यासारखं चालायला त्यांना शिकवावं लागत होतं, आणि मी बाहेर गर्दीत उभा होतो.

पट्टी सुटली. आत सगळं पांढरं. भिंती पांढऱ्या, टेबल पांढरं, कपाट पांढरं, छतातून दिव्यांचा झोत. ज्या डोळ्यांना कडेकडेचं दिसायचं त्यांना आता कडाच उरल्या नव्हत्या. मामांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. कॅमेरा जवळ गेला. ताई रडली, मामी रडल्या, पेन्सिलवाली मुलगीही रडली. मग मामांनी सवयीने डाव्या कानाजवळ हात नेला. आणि खरंच, तिथे रिळं होती. काळी, तपकिरी, राखाडी, निळी, त्याच क्रमाने. माझ्या शब्दाचा मान राखून त्यांनी ती सोनेरी चौकटीत बसवली होती, शोभेची म्हणून, सरसाने चिकटवून. मामांनी काळं रीळ ओढलं. निघेना. परत ओढलं.

"जुन्या आठवणी सुटत नाहीत," सूत्रधार कॅमेऱ्याला म्हणाला.

जाताना कार्यक्रमाच्या लोकांनी एक अट घातली. काही महिन्यांनी ते पुन्हा येणार, मास्तरांचं आयुष्य कसं बदललं ते दाखवणार. तोवर काही हलवायचं नाही. साधा खिळासुद्धा ठोकायचा नाही.

आता कामाचे दोरे कपाटाच्या खणांत होते. खण सगळे एकसारखे, गुळगुळीत, मूठ नसलेले, दाबलं की उघडणारे. रिळं फिक्यापासून गडदाकडे लावलेली, बघायला इंद्रधनुष्य. बटणं काचेच्या बरण्यांत, बरण्या एका मापाच्या. मी आणि मामांनी आपल्या परीने उपाय केला. प्रत्येक खणाच्या खालच्या कडेला, दिसणार नाही असं, एकेक निराळं बटण चिकटवलं. मामा बोट फिरवून शिकायला लागले. जरा जम बसतोय असं वाटलं, तोच रविवारी ताई आली, मैत्रिणींना दुकान दाखवायला. तिने कपाट पुसलं, कुठून आली ही घाण म्हणत बटणं खरवडून काढली आणि खण बाहेर काढून धुऊन, हाताला येतील तसे परत बसवले. मामा शेजारी उभे राहून म्हणत होते, किती करतेस गं.

मी त्यांना म्हटलं, आता सांगून टाका. निदान खिळे तरी परत मिळतील.

"तिच्या सासरच्यांनी बघितलंय सगळं," मामा म्हणाले. "मिरवते रे ती. तिला आता काय सांगू, बाई, तू माझे हात काढून नेलेस?"

मग म्हणाले, टिकायचं असेल तर तोंड बंद. पण यावेळी ते गिऱ्हाइकाला सांगताना जसे रंगात येत तसे आले नाहीत.

टीव्हीवर आल्यामुळे काम मात्र वाढलं. ज्या हॉटेलात त्यांना ठेवलं होतं त्याच्या मॅनेजरने वेटर लोकांच्या काळ्या पॅन्ट पाठवल्या, गठ्ठाभर, सगळ्या आखूड करायला. मामा खूश. मशीन दिवसभर चाललं, माझे स्क्रू दिवसभर नाचले. संध्याकाळी त्यांनी घड्या घालून पॅन्ट पाठवूनही दिल्या. सकाळी गठ्ठा परत. प्रत्येक काळ्या पॅन्टला खाली लालभडक दोऱ्याची शिवण. मॅनेजर भला माणूस, त्याने रागाने नाही, काळजीने विचारलं, की मास्तर, ही नवी फॅशन का? मामा हसले, स्पर्धेतल्या गायकासारखे. मग आम्ही दोघं माझ्या दुकानात बसून ती शिवण उसवत राहिलो. मी भिंगाखाली, ते बोटांनी. त्यांचा वेग माझ्यापेक्षा जास्त होता. उसवायला डोळे लागत नाहीत, ते म्हणाले. त्यानंतर त्यांचं मशीन दिवसातला बराच वेळ बंद असायचं. गिऱ्हाइक आलं की मामा सांगत, कामं साठलीत, दुसरीकडे बघा.

ठरल्याप्रमाणे कार्यक्रमवाले परत आले. सूत्रधाराने मामांना विचारलं, कसं वाटतंय. मामा म्हणाले, छान. ताई शेजारीच उभी होती, तिने त्यांचा हात धरलेला. मग सूत्रधाराने आपल्या शर्टाचं बटण कॅमेऱ्यासमोर तोडलं आणि म्हणाला, मास्तर, आता हे तुमच्या हातांनी लावून द्या. त्यातही त्यांना सुई ओवतानाचं दृश्य हवं होतं, अगदी जवळून. माझ्या ओवलेल्या सुया माझ्या खिशात होत्या. मी कॅमेऱ्यामागे, आणि पुढे जायला मज्जाव. मामांनी दोऱ्याचं टोक ओठांत ओलं केलं, सुई उजेडाकडे धरली, मान तिरकी केली. दोरा सुईच्या बाजूने गेला. परत गेला. परत. दिग्दर्शक समजूतदार होता. कॅमेऱ्यासमोर माणूस घाबरतो, तो म्हणाला, वेळ घालवू नका, हात आपण नंतर घेऊ. ताईला फोन आला होता, ती बाहेर गेली होती.

तो भाग बघायला आम्ही सगळे ताईच्या घरी जमलो. तिच्या सासूबाई, सासरे, मामी, मी, आणि सगळ्यात चांगल्या खुर्चीत मामा. पडद्यावर मामांचा चेहरा आला, मग सुई आली, मग दोन हात आले, आणि दोरा एका झटक्यात सुईतून पार झाला. सासरे म्हणाले, वा.

मामी म्हणाल्या, "हे हात ह्यांचे नाहीत."

सासूबाई हसून म्हणाल्या, टीव्हीवर मोठं दिसतं सगळं. ताईही हसली आणि बापाकडे वळली. "बाबा, तुमचेच ना हात?"

मामांनी टीव्हीकडे तिरकं बघितलं. "माझेच," ते म्हणाले. "दुसऱ्या कुणाचे असणार?"

पडद्यावरच्या हाताच्या अंगठ्यात चांदीची जाडजूड अंगठी होती. मनगटावर विंचू गोंदवलेला होता. तो विंचू अजून पडद्यावर होता, स्पष्ट, हातभर मोठा, आणि मामा त्याच्याकडे बघून, म्हणजे त्याच्या शेजारच्या भिंतीकडे बघून, हसत होते. ताईने बापाच्या डोळ्यांसमोर हळूच हात नेला, अगदी मधोमध, आणि तसाच धरला. मामा हसतच राहिले. तेवढ्यात जाहिराती लागल्या.

पुढचं सगळं ताईच्या रीतीने झालं, म्हणजे झपाट्याने. तिने मामांना एकामागून एक डॉक्टर दाखवले. सगळ्यांनी तेच सांगितलं. आपण काय केलं हे तिला मीच हळूहळू सांगितलं, कारण आता ती विचारत होती. खिळे, डबे, रिळं. तिने ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी भंगारवाल्याकडे जाऊन आली. त्याच्याकडे बिस्किटांचे डबे होते, पण भलतेच. मग एकदा दुकानात जाऊन सोनेरी चौकटीतलं काळं रीळ तिने सुरीने सोडवायला बघितली. रीळ निघालं, पण सरस आतपर्यंत मुरलेला. दोरा काही सुटेना.

मामा-मामी आता तिच्याकडे राहतात. दुकान इतकं देखणं झालेलं, की लगेच भाडेकरू मिळाला, नखं रंगवून देणारी एक बाई. तिच्याकडे येणाऱ्या मुली त्या चौकटीपुढे उभ्या राहून फोटो काढतात. तिच्या कामाचा आवाज होत नाही. माझे स्क्रू जागच्या जागी असतात.

मी अधूनमधून मामांना भेटायला जातो. दुपारी मामांचे दोन्ही भाग टीव्हीवर जोडून पुन:पुन्हा लागतात. ते सुरू झाले की ताई, घरी असली तर, उठून आत जाते. मामी टीव्ही बंद करू का विचारतात. मामा नको म्हणतात. पुढचं त्यांना काही नको असतं, पट्टी सुटणं नको, रडणं नको, हात तर नकोच. पण पहिल्या चालण्याचा तुकडा कार्यक्रमवाल्यांनी गंमत म्हणून ठेवलाय, खाली गमतीचं संगीत घालून. तो आला की मामा खुर्चीत पुढे सरकतात.

"कसा चाललोय बघ," ते म्हणतात.

मी बघतो. पट्टी बांधलेला माणूस पायरी चढतो, नसलेल्या टेबलाला वळसा घालतो.

"सरळ," मी सांगतो.

"धक्का लागला कशाला?"

"नाही."

"स्टुलापर्यंत," मामा म्हणतात, आणि तो बसायच्या आत मामींना खूण करतात. मामी टीव्ही बंद करतात.